हातात मावणारी क्रेन

आमच्या घरमालकांनी माझ्या एकाही पत्रकाला कधी चांगलं म्हटलं नाही. एकदाच म्हणाले, "तुझा कागद कामाचा हाय गो," आणि मी खूश होऊन बघते, तर पत्रकाची आठपदरी घडी करून त्यांनी ती जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारलेली. टेबल हलवून पाहिलं. डोळे मिटून पुन्हा हलवलं. "गेला प्ले," म्हणाले आणि जेवायला बसले. कंत्राटी कामगारांच्या पिळवणुकीवर मी त्या कागदात रक्त आटवलं होतं. मथळ्यालाच तीन उद्गारचिन्हं होती.

'प्ले' हा घरमालकांचा, म्हणजे आमच्या काकांचा, शब्द. गॅरेजवाल्यांचाही तोच. स्टिअरिंग फिरवलं आणि चाक लगेच वळलं नाही, मध्ये थोडी ढिलाई जाणवली, की मेकॅनिक म्हणतो, प्ले आलाय. काकांनी तो शब्द उचलला आणि सगळ्या जगाला लावला. कडी, खुर्ची, कवळी, पुढारी. 'बघतो, करतो' म्हणणाऱ्या माणसात प्ले. 'पाच मिनिटांत आलो' म्हणणाऱ्या रिक्षावाल्यात प्ले. मी खोली बघायला आले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही (विचारली असती तर मी तिथल्या तिथे भांडून परत गेले असते). माझ्या हातातली छत्री घेतली, दांडा हलवून पाहिला आणि म्हणाले, "छत्रीत प्ले हाय. पोरगी बरी दिसते." झालं. पहिल्या झटक्यात मत द्यायचं आणि मग जन्मभर त्याला चिकटून राहायचं, ही त्यांची पद्धत. दोन वर्षांनी मी नवी छत्री घेतली तरी त्यांच्या लेखी माझ्या छत्रीत प्लेच होता.

काका मूळचे उरणकडच्या कोळीवाड्यातले. वडील, आजे, सगळे होडीवर. हे एकटे वर चढले. खरोखरच वर. न्हावा शेव्याहून येणारे कंटेनर साठवायचं एक यार्ड होतं, तिथे ते क्रेन चालवायचे. उंचावर टांगलेली काचेची केबिन, पायाखालची जमीनही काचेची, तिच्यातून खाली बघत, दोन हातांत दोन दांड्या धरून माणूस दिवसभर लोखंडाचे डबे उचलतो आणि ठेवतो. पगार चांगला होता. पनवेलात त्यांनी दोनमजली घर बांधलं, वरची खोली मला भाड्यानं दिली, आणि आपण भारी आहोत हे ते कधी लपवत नसत. नम्रपणा वगैरे भानगड नव्हती.

दिवसाचे आठ तास वरून खाली बघून त्यांची नजरच वेगळी झाली होती. माणसं त्यांना डोक्यावरून ओळखू यायची. तोंडावरून नाही. एकदा भाजी मार्केटमध्ये मी समोर उभी राहून "काका, काका" करत होते, तर कोण ही बाई म्हणून बघत राहिले. मी वैतागून मेथीची जुडी उचलायला वाकले, तसे ओरडले, "अगो, तू हायस काय! मंग आधी नाय सांगायचं?" वाकले तेव्हा त्यांना माझा भांग दिसला होता. गल्लीतल्या प्रत्येकाचं टक्कल, भोवरा, कलप संपून खाली पांढरे दिसू लागलेले केस, सगळं त्यांना पाठ. गॅलरीत उभे राहून ते नावानिशी हाका मारायचे, आणि तोच माणूस जिना चढून समोर आला की काकूंना विचारायचे, "कोण गो हा?"

आणि उचलणं! काका कोणतीही वस्तू आधी सरळ वर उचलायचे, हवेत क्षणभर थांबवायचे, ती डुलत नाही ना बघायचे आणि मगच बाजूला न्यायचे. चहाचा कप, आमटीची वाटी, नातवाच्या वाढदिवसाचा केक. काकू म्हणायच्या, "अवो, तो कप हाय. जहाजातला कंटेनर नाय. प्या." पण उभ्या आयुष्यात त्यांच्या बशीत चहा सांडला नाही, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी बशीशिवाय चहा द्यायला लागले.

मी तेव्हा बंदराच्या आसपासच्या कामगारांमध्ये काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती होते. म्हणजे पत्रकं लिहायची, छापून आणायची, यार्डांच्या गेटवर वाटायची आणि सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालायची. काकांच्या यार्डाच्या गेटवरही वाटायची. काका कंपनीच्या बसमधून उतरले की माझ्या हातून पत्रक घ्यायचे, न वाचता खिशात घालायचे आणि जाता जाता म्हणायचे, "घराला जाताना दूध घेऊन जा."

हे असं चाललं असताना यार्डात नोटीस लागली. आता क्रेनवर माणूस चढणार नाही. ऑफिसात टेबल असेल, टेबलावर पडदे आणि दोन दांड्या, तिथून क्रेन चालणार. टेबलं कमी, ऑपरेटर जास्त. त्यामुळे पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्या ऑपरेटरांची कॉम्प्युटरवर चाचणी. पास झाला तो टेबलावर, नापास झाला तो घरी. सरावासाठी प्रत्येकाला एक पेन ड्राईव्ह दिला. त्यात क्रेनचा प्रोग्राम. तो फक्त कॉम्प्युटरवर चालणार, आणि त्याला दांड्या तुम्ही तुमच्या आणा.

मला सांगा, हा अन्याय नाही तर काय आहे? ज्या माणसांनी वर्षानुवर्षं एक डबा पाडला नाही, त्यांना व्हिडिओ गेमवर जोखायचं! मी त्याच संध्याकाळी मथळा लिहिला: 'खेळण्यावर माणसांची परीक्षा!!!' आणि खाली काकांना वाचून दाखवायला गेले.

"हे छापू नको," काका म्हणाले.

"का? खोटं आहे?"

"खोटं नाय. पण मी पास होनार हाय. उद्या लोक म्हनतील, खेळन्यात पास झाला."

काका पंचावन्नचे होते. घरावरचं कर्ज अजून होतं, धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं. यातलं ते काही बोलले नाहीत. काकू बोलल्या, आणि त्याही मला एकटीला, जिन्यात. "केबिन सुटली तर हा मानूस घरात बसून आमची डोकी मोजील गो. मी येडी होईन."

आता घरात कॉम्प्युटर नव्हता. काकांनी दुबईतल्या भाच्याला फोन लावला. भाचा हौशी. तो म्हणाला, मामा, टेबलभर पसारा कशाला, मी सुट्टीला येतोय, असं यंत्र आणतो की अख्खा कॉम्प्युटर तळहातात, आणि दांड्याही त्यालाच. आमच्या पनवेलात तोवर असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. मोबाईलवर गेम खेळणारी पोरं होती, सायबर कॅफेत आरडाओरडा करणारी होती. पण विंडोजचा पुरा कॉम्प्युटर खिशात, ही चैन नवीनच निघाली होती. भाच्यानं किंमत मला हळूच सांगितली. काकूंना सांगू नका म्हणाला. माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली, आणि ते यंत्र डोळ्यांनी बघण्याआधीच माझं पहिलं मत तयार झालं: निषेध.

रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, खोका उघडला. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मुलगी बघायला आल्यासारखे. भाच्यानं बाहेर काढली ती एक काळी कंपासपेटी. निदान दिसायला तरी. झाकण उघडलं की वर पडदा, खाली चिमुकली अक्षरं असलेली बटणं, आणि दोन्ही कोपऱ्यांत अंगठ्याएवढ्या दोन दांड्या.

"मामा, आधी स्क्रीन बघ, एचडी आहे."

"गप रे," काका म्हणाले. त्यांनी डोळे मिटले.

यंत्र सरळ वर उचललं. थांबवलं. वजन घेतलं. "मध्यम पापलेट," म्हणाले. मग तळहातावर जरा पुढंमागं सरकवून, "पन पापलेट मधी जड असतो. हा शेपटाकडं जड हाय. झाकन उगडलं की मागं झुकनार." आणि ते खरंच मागं झुकलं. भाच्यानं दुबईहून आणलेल्या यंत्राला पहिलंच प्रमाणपत्र माशाचं मिळालं म्हणून त्याचा चेहरा पडला.

मग अंगठे दांड्यांवर गेले. काकूंनी मिक्सर बंद केला. काकांनी डावी दांडी हळू ढकलली, सोडली. उजवी ढकलली, सोडली. दोन्ही गोल फिरवल्या. कानाशी धरून फिरवल्या. पुन्हा ढकलल्या. त्यांच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून उलगडत गेल्या.

"प्ले नाय," ते म्हणाले.

मी त्या घरात दोन वर्षं राहत होते. प्ले नाय असं काकांनी आजवर फक्त स्वतःच्या क्रेनबद्दल आणि एका मेलेल्या मुख्याध्यापकांबद्दल म्हटलेलं मी ऐकलं होतं.

भाच्यानं बटण दाबलं. पंखा सुरू झाला. एवढ्याशा पेटीत पंखा, आणि त्याचा आवाज असा की डास आला म्हणून काकूंनी हवेत टाळी वाजवली. पडदा निळा झाला. काकांनी डोळे उघडले, जवळचा चष्मा लावला, त्यावर लांबचा लावला, आणि पडद्यावरचं इंग्रजी अक्षर न् अक्षर जुळवून मोठ्यानं वाचलं.

"हाय."

मग वाट बघत बसले. पडद्यावर तेवढंच. शेवटी त्यांनी यंत्रालाच विचारलं, "काय हाय?"

भाचा हसून सोफ्यावर आडवा. "मामा, ते नमस्कार करतंय तुला! इंग्लिशमधला हाय!"

"नमस्कार करायचा तर नमस्कार कर म्हनावं. हाय म्हनतं आनि काय हाय ते सांगत नाय. हा अर्दवट बोलनारा दिसतो."

त्यानंतर यंत्रानं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, ईमेल विचारला, तुम्ही कुठे आहात हे जाणून घ्यायची परवानगी मागितली. इथे मात्र मी मध्ये पडले. म्हटलं, काका, ही पाळत आहे, परवानगी देऊ नका. काका म्हणाले, "अगो, मी पनवेलात हाय हे सगल्यांना म्हाईत हाय." आणि दाबलं. मग ते यंत्र म्हणालं, मी आता स्वतःला अपडेट करतो, मला बंद करू नका. आणि गोल गोल फिरायला लागलं. काका जेवून आले, फिरतंय. झोपून उठले, फिरतंय. दुपारच्या चहाला म्हणाले, "पैल्याच दिवशी रजा टाकतो. आमच्या यार्डात असा मानूस दुसऱ्या दिवशी गेटवर दिसला नसता."

"बघा," मी म्हटलं, "तुम्हीपण कंपनीसारखंच बोलायला लागलात."

"तू पत्रक काड," काका म्हणाले. "अपडेटवाल्याच्या बाजूनं."

अपडेट संपलं तोवर यंत्राची पाठ इतकी तापली की काकूंनी त्यावर ओला पापड ठेवून पाहिला. भाजला नाही, पण मऊ पडला. बॅटरी खोक्यावर लिहिलेल्याच्या निम्मीसुद्धा टिकत नव्हती. अक्षरं मुंगीएवढी. बटणं अशी की काकांचा एक अंगठा एका वेळी चार अक्षरं लिहायचा. एवढं सगळं पाहूनही काकांचं मत बदललं नाही, कारण ते आधीच देऊन झालं होतं: प्ले नाय. फक्त एकदाच ते डळमळले. भाच्यानं सोबत दोन-चार गेम भरून आणले होते. त्यातला गाड्यांचा उघडला, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं: PLAY.

काकांनी यंत्र खाली ठेवलं. "सोताच कबूल करतंय."

भाच्यानं डोक्याला हात लावला. त्याला 'प्ले' म्हणजे खेळ हे मामाला समजावता समजावता दमछाक झाली. शेवटी काकांनी तोडगा काढला की गेममध्ये प्ले असेल, दांडीत नाही, आणि गाडी सुरू केली. बाकीच्या गाड्या शर्यत जिंकून, हार घालून परत आल्या, तरी काका आपली गाडी सुरुवातीच्या रेघेवर मागंपुढं करत सरळ लावत होते. "आता बग. चाक रेषेवर. असं लावतात," ते म्हणाले आणि समाधानानं बंद केलं. तो गेम त्यांनी परत कधी उघडला नाही. त्यांच्या दृष्टीनं संपला होता.

माझं पहिलं मतही जागेवर आहे, हे इथेच सांगून टाकते. कंपनीनं स्वतःच्या फायद्यासाठी यंत्रं बदलायची आणि सरावाचं खेळणं कामगारानं स्वतःच्या खिशातून आणायचं, हे तेव्हाही चूक होतं, आजही आहे. त्या यंत्रात दांड्या कितीही घट्ट असू देत.

पुढचे दोन महिने काकांचा सराव चालू होता. आधी सोफ्यावर बसून. पण जमेना. "सगलं हाय," ते म्हणायचे, "पन पोटात कायच होत नाय." खऱ्या क्रेनवर म्हणे उचललेला डबा झुलायला लागला की आधी ऑपरेटरच्या पोटात कळतं, डोळ्यांना नंतर. हे यंत्र तळहातात नुसतं गुरगुरायचं. काकांनी उपाय शोधला. घरात पितळी कड्यांचा झोपाळा होता. काका त्यावर मांडी घालून बसले, काकूंना म्हणाले, दे जरा झोका, आणि डुलत डुलत पडद्यावरचे डबे उचलायला लागले. झोका पुढे गेला की दांडी पुढे, मागे आला की मागे. आणि विश्वास ठेवा अथवा नका ठेवू, पडद्यावरचा डबा स्थिर! गल्लीतली माणसं बघायला यायची. काका मान वर न करता त्यांचे पाय बघून म्हणायचे, "उजेड सोडा." एक शेजारी म्हणाला, "काय काका, म्हातारपणी पाळणा?" काका म्हणाले, "तू खाली वाक जरा, कोन हायस बगू."

काकू झोका देऊन देऊन वैतागल्या. "लग्नात मला कदी बसवली नाय यावर, आनि आता मीच यांना झुलवते."

चाचणीच्या दिवशी आम्ही गेटवर होतो. संघटनेच्या रेट्यानं कंपनीनं दोन निरीक्षकांना आत सोडायचं कबूल केलं होतं, त्यातली एक मी. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एसी हॉल, एक टेबल, मोठा पडदा. परीक्षक एक तरुण इंजिनिअर, स्वभावानं गरीब, सगळ्यांना काका काका करणारा. मागं खुर्च्यांवर सगळे जुने ऑपरेटर रांगेनं बसलेले.

पहिला नंबर काकांचा. टेबलाशी बसले, डोळे मिटून दोन्ही दांड्या हलवल्या. मान डोलावली. म्हणजे कंपनीच्या दांड्यांतही प्ले नव्हता. मला जरा वाईटच वाटलं, तो एक मुद्दा गेला.

पडद्यावर यार्ड आलं. डब्यांची चळत, शेजारी ट्रेलर. पेन ड्राईव्हवर होतं तसंच हुबेहूब. फक्त एक गोष्ट नवी. ट्रेलरपाशी पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस. चित्रातला. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, असा फिरत होता. पडदा खरा वाटावा म्हणून कुणीतरी टाकला असणार.

घड्याळ सुरू झालं. काका हलेनात.

"काका, स्टार्ट करा ना. टाईम चालू झालाय."

"खाली मानूस हाय."

"हो, तो बॅकग्राउंडला आहे. तुम्ही लिफ्ट करा."

"त्याला बाजूला घ्या. मी उचलतो."

"काका, तो ग्राफिक आहे. त्याला काही होत नाही."

"टोपी दिसते मना," काका म्हणाले. "टोपी दिसते तवर मी डबा हलवत नाय."

माणूस इकडून तिकडे फिरत राहिला. काका दांड्यांवर हात ठेवून त्याच्या टाळूकडे बघत बसले. वेळ संपली. पडद्यावर आकडा आला: शून्य.

मी उठून ओरडणार होते, पण त्याआधी दुसरा ऑपरेटर टेबलाशी बसला. तोही थांबला. तो जरा तापट, त्यानं पडद्याला शिवी घातली, "ए, हट की रे बाजूला!" माणूस हटला नाही. शून्य. तिसरा बसला. शून्य. चौथे एक खानचाचा होते, ते म्हणाले, "साहब, पहले इस भाईजान को चाय पीने भेजो." शून्य. एकानंही डबा हलवला नाही. इंजिनिअर बिचारा घामाघूम. एसीत. शेवटी म्हणाला, मी दाखवतो, आणि स्वतः बसला. सफाईदारपणे डबा उचलला आणि त्या पिवळ्या हेल्मेटच्या बरोबर वरून घेऊन गेला.

मागच्या सगळ्या खुर्च्यांवरून एकदम आवाज आला, "अरे अरे अरे अरे!" दोघं तर उभे राहिले. चित्रातला माणूस आपला फिरतच होता.

पत्रक मी गेटवर बसूनच लिहिलं. यावेळी उद्गारचिन्ह एकही घातलं नाही, काय घडलं तेवढंच लिहिलं. ते फोटो काढून लोकांनी इतकं पसरवलं की आठवड्याच्या आत कंपनीनं बोलावलं. चर्चा झाली. आमच्या नेत्यांनी टेबलावर हात आपटले, मीही एक आपटला. आणि कंपनी वाकली: पडद्यावरचा माणूस काढून टाकू, सगळ्यांची चाचणी पुन्हा घेऊ. विजय! मी पेढे घेऊन घरी आले.

काकांनी पेढा सरळ वर उचलला, हवेत थांबवला.

"मानूस काडला?" ते म्हणाले. "काडायला कोनी सांगितला?"

"म्हणजे? त्याच्यामुळेच तर तुम्ही नापास झालात!"

"बाजूला घ्या म्हनालो मी. काडा म्हनालो नाय."

पेढा परत खोक्यात गेला. मी समजावलं, आवाज चढवला, हेही म्हटलं की सगळी संघटना तुमच्यासाठी भांडली आणि तुम्ही चित्रासाठी अडून बसताय. काकूंचा तर बांध फुटला. "त्या चितरातल्या मानसाच्या पायी घरातली जिवंत मानसं रस्त्यावर आनता काय? पोरीचं शिक्शन कोन करील, तो पिवल्या टोपीवाला?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "काचेतनं खाली बगितलं तर मानूस दिसतो गो. त्याचा घाम दिसतो. उद्या टेबलावर बसलो की खालचा खराच मानूस असा दिसनार. एवडासा. चितरासारखा. तुमी आजच आमाला शिकवताय की तो नसतोच म्हनून."

यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं, पण काकू रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी काका कंपनीच्या ऑफिसात एकटे गेले. आमच्या नेत्यांना न विचारता, मला न सांगता. त्यांनी सांगितलं, माणूस परत घाला. आणि क्रेनवर असतो तसा भोंगा द्या. भोंगा वाजवला की तो बाजूला झाला पाहिजे. नाही दिलात तर मी चाचणीला बसत नाही. हे कळल्यावर खानचाचा गेले, मग तो तापट गेला, मग बाकीचे. आमची संघटना तोंडात बोट घालून बघत राहिली, कारण आमच्या मागणीपत्रात भोंगा नव्हताच. कंपनीतलं कुणी म्हणालं, हट्टीपणा आहे. तो इंजिनिअर मात्र म्हणाला, सर, होईल, फार काम नाही त्यात. मधले चार दिवस काकूंनी काकांशी बोलणं टाकलं होतं आणि झोपाळा रिकामा होता.

निकाल आधीच सांगते: काका पास झाले. वेळेच्या हिशेबात सगळ्यांत शेवटून पहिले, पण पास. कारण सुरुवातीलाच त्यांनी खूप वेळ घालवला.

यार्ड आलं, ट्रेलर आला, पिवळं हेल्मेट आलं. काकांनी भोंगा दाबला. पडद्यातून तो लांब, घोगरा आवाज निघाला. चित्रातला माणूस थबकला, त्यानं वर पाहिलं, आणि चालत चालत जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. घड्याळ पळत होतं. काकांनी दांडीला हात लावला नाही. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, दोन्ही चष्म्यांतून, त्याचे पाय रेघेबाहेर आहेत का ते नीट पाहिलं.

"अजून जरा मागं हो रे बाबा," म्हणाले, आणि पुन्हा भोंगा दाबला.